वेबसाइटवर आहे, कपाटात नाही

प्रश्न : पुण्यातल्या एका पुस्तकांच्या दुकानाच्या वेबसाइटवर मला हवं असलेलं एक जुनं प्रवासवर्णन दिसलं. खाली ‘उपलब्ध : २ प्रती’ असं लिहिलं होतं. लगेच पैसे भरले. दोन दिवसांनी दुकानातून फोन आला, “ताई, पुस्तक शिल्लक नाहीये, पैसे परत करतो.” पैसे आले, पण वेबसाइट उघडून पाहिली तर तिथे पुन्हा दोन प्रती! संगणकाला मोजता येत नाही, की दुकानदार खोटं बोलतो आहे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : दुकानदार खोटं बोलला असेल असं मला वाटत नाही. नसलेलं पुस्तक विकायला ठेवून त्याच्या पदरात काय पडतं? गिऱ्हाइकाला फोन करण्याचा संकोच आणि पैसे परत करण्याचा खटाटोप. राहिला संगणक. त्याला मोजता येतं, पण तुमच्या पुस्तकाच्या प्रती त्याने मोजलेल्याच नसतात. वेबसाइटवरचा आकडा कोणी कपाटापाशी जाऊन आणत नाही. तो एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीत उतरवलेला असतो.

दुकानातलं एक पुस्तक तीन ठिकाणी असतं. कपाटात ते प्रत्यक्ष असतं. काउंटरवरच्या बिलिंगच्या संगणकात त्याची शिल्लक असते; माल आला की ती वाढते, बिल झालं की कमी होते. आणि वेबसाइटवर या शिलकीची नक्कल असते. म्हणजे चूक शिरायला जागा दोन : कपाट आणि बिलिंग यांच्यामध्ये एक, बिलिंग आणि वेबसाइट यांच्यामध्ये दुसरी.

दुसरी आधी पाहू, कारण ती समजायला सोपी आहे. दुकानाचा संगणक वेबसाइटला आकडे दोन तऱ्हांनी कळवतो. ठरावीक वेळाने सगळी यादी एकदम पाठवायची, ही एक तऱ्हा. कुठे ती दर पंधरा मिनिटांनी जाते, कुठे तासाने, तर कुठे रात्री दुकान बंद केल्यावर एकदाच. एकदाच पाठवणाऱ्या दुकानात सकाळी अकराला शेवटची प्रत विकली गेली, तरी वेबसाइटवर ती रात्रीपर्यंत विकायलाच असते. प्रत्येक बिलासरशी लगेच निरोप पाठवायचा, ही दुसरी तऱ्हा. हिचा वेग चांगला, पण इंटरनेट गेलं की निरोप वाटेतच राहतो. शिवाय पान पटकन उघडावं म्हणून अनेक वेबसाइटी तयार पानाची प्रत साठवून ठेवतात. आतला आकडा बदललेला असला तरी तुमच्या मोबाइलवर तासाभरापूर्वीचं पान उघडू शकतं.

आणखी एक गोष्ट वाचकांना सहसा माहीत नसते. कार्टमध्ये पुस्तक टाकल्याने ते सहसा आपल्या नावावर राखलं जात नाही. लहान दुकानांत बऱ्याच ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या वूकॉमर्स या प्रणालीत, ऑर्डर नोंदवून पैसे भरायचे राहिले असतील, तर मूळ सेटिंगप्रमाणे ती प्रत ६० मिनिटं राखून ठेवली जाते. नुसतं कार्टमध्ये असलेलं पुस्तक मात्र मोकळंच असतं. त्यामुळे शेवटची प्रत नाशिकच्या आणि नागपूरच्या अशा दोन कार्टमध्ये एकाच वेळी असू शकते. जो आधी पुढे जाईल त्याची.

तुमच्या बाबतीत मात्र मला संशय पहिल्या जागेचा आहे. नुसता उशीर असता तर दोन दिवसांत आकडा बदलला असता. इथे बहुधा असं झालं असावं : तुम्ही ऑर्डर दिलीत तेव्हा शिल्लक दोनावरून एकावर आली. दुकानदाराने कपाट पाहिलं, पुस्तक नव्हतं. त्याने ऑर्डर रद्द केली आणि रद्द होताच प्रणालीने ती प्रत शिलकीत परत जमा केली. अस्तित्वात नसलेलं पुस्तक पुन्हा विकायला ठेवलं गेलं. दुकानदाराने तुमचे पैसे परत केले, पण बिलिंगमधला चुकीचा आकडा तसाच राहू दिला. तो दुरुस्त होईपर्यंत या पुस्तकासाठी पैसे भरणाऱ्या प्रत्येकाला हाच फोन येणार.

हे केवळ लहान दुकानांत होतं असंही समजू नका. अनंत रामन आणि निकोल डीहोरेशस या संशोधकांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या साखळीच्या ३७ दुकानांतल्या सुमारे ३ लाख ७० हजार नोंदी प्रत्यक्ष मालाशी ताडून पाहिल्या. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ६५ टक्के नोंदी चुकीच्या निघाल्या. त्या दुकानांत संगणक होते, बारकोड होते, ठरावीक काळाने मोजणीही होत होती. जास्त खपणाऱ्या वस्तूंच्या नोंदींत चुका जास्त आढळल्या. ते साहजिक आहे, कारण जितके हात फिरतात तितक्या नोंदी, आणि जितक्या नोंदी तितक्या चुकण्याच्या संधी.

प्रश्न : साताऱ्यात आमचं वडिलांच्या वेळचं पुस्तकांचं दुकान आहे. मध्यंतरी वेबसाइट सुरू केली. रोज रात्री बिलिंग सॉफ्टवेअर ‘सिंक सक्सेसफुल’ असा संदेश दाखवतं, तरी ऑर्डरी रद्द कराव्या लागतात. दुकानातला साठा आणि वेबसाइट किती जुळतात, हे आमचं आम्हाला मोजता येईल का? त्यासाठी माणूस नेमणं परवडणारं नाही. – एक पुस्तकविक्रेती, सातारा

उत्तर : येईल, आणि तुम्हीच मोजावं असं माझं ठाम मत आहे. बाहेरचा माणूस बिलिंग आणि वेबसाइट यांच्यातलं अंतर मोजून जाईल. कपाटात काय आहे ते तुम्हालाच माहीत.

आधी त्या संदेशाबद्दल. ‘सिंक सक्सेसफुल’ याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की यादी पाठवली आणि समोरून पोच मिळाली. यादीतली प्रत्येक ओळ स्वीकारली गेली का, हे त्यातून कळत नाही. एखाद्या पुस्तकाचा कोड वेबसाइटवर सापडला नाही तर ती ओळ मुकाट्याने गाळली जाते आणि बाकीच्या ओळी पुढे जातात. सॉफ्टवेअरमध्ये कुठेतरी ‘लॉग’ नावाची नोंदवही असते. विक्रेत्याला फोन करून ती कुठे आहे ते विचारा. त्यात किती ओळी पाठवल्या आणि किती स्वीकारल्या हे दोन आकडे शोधा. ते सारखे नसतील तर गळलेल्या ओळींची यादी मागून घ्या. कितीतरी दुकानांचं निम्मं दुखणं तिथेच सापडतं.

वाणिज्य शाखेत शिकला असाल तर बँक जुळवणी पत्रक आठवत असेल. आपल्या रोकडवहीतली शिल्लक आणि पासबुकातली शिल्लक एका तारखेला समोरासमोर ठेवायच्या, फरक का पडला ते एकेक करून शोधायचं. इथे तेच करायचं आहे, पैशांऐवजी पुस्तकांचं.

दुकान बंद झाल्यावर बिलिंगमधून शिलकीची यादी काढा आणि त्याच वेळी वेबसाइटवरून उत्पादनांची यादी उतरवून घ्या. वेळ एकच हवी. एक यादी संध्याकाळची आणि दुसरी सकाळची असेल तर मधल्या विक्रीचा फरक चूक म्हणून दिसेल. मग एक्सेलमध्ये दोन्ही याद्या आयएसबीएन क्रमांकावरून जुळवा.

इथे पुस्तकांच्या धंद्यातले काही खास खड्डे आहेत. एक्सेलमध्ये तेरा आकडी आयएसबीएन उघडला की तो ‘९.७८ई+१२’ अशा आखूड रूपात दिसू लागतो, आणि ती फाइल तशीच सीएसव्ही म्हणून साठवली तर मूळ क्रमांक हरवतो. तो स्तंभ आधीच ‘टेक्स्ट’ करून घ्या. इंग्रजी पुस्तकांचे जुने दहा आकडी क्रमांक बऱ्याचदा शून्याने सुरू होतात आणि एक्सेल ते शून्य खाऊन टाकतं. जानेवारी २००७ पासून आयएसबीएन दहाऐवजी तेरा आकडी झाला. जुन्या क्रमांकापुढे ९७८ लावलं की काम झालं, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही, कारण शेवटचा पडताळा अंक नव्याने काढावा लागतो आणि तो बहुधा बदलतो. बिलिंगमध्ये दहा आकडी आणि वेबसाइटवर तेरा आकडी क्रमांक असेल, तर एकच पुस्तक दोन वेगळी पुस्तकं ठरतं.

शीर्षकावरून जुळवण्याचा मोह टाळा. मराठीत तो विशेष धोक्याचा आहे. ‘ॲ’ हे अक्षर संगणकात एका चिन्हाने लिहिता येतं, तसंच ‘अ’वर वेगळा चंद्र देऊनही लिहिता येतं. ‘ऱ’चंही तेच : एक अखंड चिन्ह, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, संगणकाला ती वेगळी अक्षरं वाटतात. तुमच्या वडिलांच्या काळातल्या याद्या युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये असतील तर शीर्षकांच्या जागी नुसती खिचडी दिसेल. ज्या जुन्या पुस्तकांवर आयएसबीएनच नाही, त्यांना तुमच्या दुकानाचा स्वतःचा क्रमांक द्या आणि तोच दोन्हीकडे वापरा.

किमतीचाही एक गुंता आहे. पुस्तकाचं नुसतं पुनर्मुद्रण झालं आणि किंमत वाढली तर आयएसबीएन बदलत नाही. मग एकाच क्रमांकाच्या जुन्या किमतीच्या तीन आणि नव्या किमतीच्या पाच प्रती दुकानात असू शकतात. बिलिंगमध्ये तुम्ही त्या दोन ओळींत ठेवल्या असतील आणि वेबसाइटवर एकाच ओळीत, तर वेबसाइट आठऐवजी तीन किंवा पाच दाखवेल. याद्या जुळवण्यापूर्वी अशा ओळींची बेरीज करून घ्या.

आता फरकाचा अर्थ कसा लावायचा, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. बिलिंगमध्ये नऊ आणि वेबसाइटवर आठ, हा फरक आज कुणाला टोचत नाही. अर्थ असतो तो शून्याच्या अलीकडे-पलीकडे होणाऱ्या फरकाला. वेबसाइटवर आहे आणि दुकानात शून्य, अशा ओळी वेगळ्या काढा. या ओळी म्हणजे उद्याच्या रद्द ऑर्डरी. मग उलट्या ओळी काढा : दुकानात आहे आणि वेबसाइटवर शून्य. यांच्याकडे फारसं कुणी बघत नाही, कारण याबद्दल फोन येत नाही. गिऱ्हाईक ‘उपलब्ध नाही’ वाचतं आणि दुसरीकडे जातं, आणि तुमच्या कपाटात प्रत धूळ खात राहते. रद्द ऑर्डरीमुळे नाव खराब होतं म्हणून दुकानदार त्यांचीच चिंता करतात. माझ्या मते लहान पुस्तकविक्रेत्याचं जास्त नुकसान या दुसऱ्या यादीत असतं. दुर्मीळ पुस्तक शोधणारा वाचक एकदाच येतो.

या दोन याद्यांची लांबी दर महिन्याच्या एकाच तारखेला वहीत लिहून ठेवा. तुमच्या एकूण शीर्षकांत त्या टक्क्यांनी किती, हे काढलंत की तुमच्या दुसऱ्या जागेचं, म्हणजे बिलिंग आणि वेबसाइट यांच्यामधल्या चुकीचं, माप मिळालं.

उशीर मोजायला यादीही लागत नाही. एखाद्या पुस्तकाचं बिल झालं की घड्याळ बघा आणि मोबाइलवर खासगी खिडकीत त्या पुस्तकाचं पान उघडून आकडा कधी उतरतो ते नोंदवा. तुम्ही रोज रात्री यादी पाठवत असाल तर उत्तर ठरलेलंच आहे. तरीही हा प्रयोग वीज जाऊन आल्यावर, जूनमधल्या शालेय पुस्तकांच्या गर्दीत आणि दिवाळी अंकांच्या दिवसांत करून पाहा. सरासरी काढू नका. सगळ्यात वाईट वेळ किती होती ती लिहा, कारण ऑर्डर रद्द होते ती त्याच वेळी.

लगेच निरोप पाठवणारी प्रणाली घ्यायचा विचार असेल तर विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारा : निरोप ‘एक कमी करा’ असा जातो की ‘आता चार आहेत’ असा? इंटरनेटवर एकच निरोप दोनदा पोचणं किंवा मागचा निरोप पुढच्याच्या नंतर पोचणं ही रोजची गोष्ट आहे. ‘एक कमी करा’ दोनदा पोचलं तर दोन कमी होतात आणि ती चूक तशीच राहून जाते. ‘आता चार आहेत’ हा निरोप ‘आता तीन आहेत’च्या नंतर आला तर आकडा मागे जातो. चांगल्या प्रणालीत निरोपाला अनुक्रमांक असतो, म्हणजे दुसऱ्यांदा आलेला किंवा शिळा निरोप बाजूला टाकता येतो. आणि तरीही रात्री एकदा पूर्ण यादी ताडून पाहिली जाते. ‘आमचं सगळं रिअल टाइम आहे, रात्री ताडायची गरज नाही’ असं सांगणाऱ्याकडून प्रणाली घेऊ नका.

हे सगळं केलंत आणि दोन्ही याद्या तंतोतंत जुळल्या, तरी काम अर्धंच झालं. दोन याद्या एकमेकींशी जुळतात आणि दोन्ही चुकीच्या असतात, असं सर्रास होतं. आता कपाटाकडे या.

बिलिंगच्या यादीतून तीस शीर्षकं निवडा. मनाने निवडू नका. मनाने निवडलं की ओळखीची, समोरच्या कपाटातली पुस्तकंच निवडली जातात. यादीला ओळक्रमांक द्या आणि ठरावीक अंतराने एकेक उचला. कपाटात जाऊन प्रती मोजा. मग उलट्या दिशेने जा : कपाटांतून कुठलीही तीस पुस्तकं काढा आणि त्यांची नोंद यादीत शोधा. लेखापरीक्षक माल तपासताना दोन्ही दिशांनी जातात, त्यामागे कारण आहे. यादीकडून कपाटाकडे गेलात की नोंद असून नसलेली पुस्तकं सापडतात. कपाटाकडून यादीकडे आलात की असून नोंद नसलेली सापडतात. एकाच दिशेने मोजणाऱ्याला अर्धेच दोष दिसतात. मोजताना शोकेस, पोटमाळा, परत पाठवायचे गठ्ठे आणि ‘साहेबांनी बाजूला ठेवायला सांगितलेली’ पुस्तकं विसरू नका.

एकूण बेरजेवर समाधान मानू नका, हे मी मुद्दाम सांगते. बालसाहित्याच्या एका मालिकेतली सारख्या किमतीची तीन वेगवेगळी पुस्तकं गिऱ्हाइकाने आणली. घाईत काउंटरवरचा मुलगा एकच पुस्तक स्कॅन करतो आणि संख्या तीन टाकतो. बिल बरोबर, गल्ला बरोबर, दुकानातल्या पुस्तकांची एकूण संख्याही बरोबर. पण एका पुस्तकाच्या शिलकीत दोन कमी पडल्या आणि दोन पुस्तकांच्या शिलकीत एकेक प्रत जास्त राहिली. बेरजेत चूक दिसत नाही, एकेक ओळ पाहिली तर तिन्ही चुकीच्या. काउंटरवरच्या माणसाला याचं कारण समजावून सांगितलं तर तो प्रत्येक पुस्तक वेगळं स्कॅन करतो. नुसता हुकूम दिला तर गर्दीत पुन्हा तेच होतं.

दुसरं मोठं भोक प्रदर्शनाचं. साहित्य संमेलनाला किंवा डिसेंबरात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर भरणाऱ्या पुणे पुस्तक महोत्सवाला तुम्ही चारशे प्रती नेता. तिथे हातबिलावर विक्री होते. त्या दिवसांत त्या प्रती वेबसाइटवर मात्र साताऱ्यातच असतात. परत आल्यावर हातबिलं संगणकात चढवायची राहतात. यावर उपाय साधा आहे : प्रदर्शनाला बिलिंगमध्ये वेगळं गोदाम म्हणून उघडा आणि नेलेला माल निघतानाच तिकडे वळता करा. वेबसाइटला फक्त दुकानाच्या गोदामाची शिल्लक जाऊ द्या. परतलेले गठ्ठे मोजूनच पुन्हा आत घ्या. हेच ग्रंथालयांना पाहायला पाठवलेल्या प्रतींचं.

माझ्या मते सगळ्यात गुणकारी आणि फुकटातली तपासणी वेगळीच आहे. जे पुस्तक दर आठवड्याला एक-दोन तरी खपायचं, ते गेल्या महिन्यात एकदाही खपलेलं नाही आणि शिल्लक मात्र दोन-तीन दाखवते, अशा शीर्षकांची यादी बिलिंगमधून काढा. त्यातली बरीच कपाटात सापडणार नाहीत. पुस्तक नाही म्हणून खपत नाही, खपत नाही म्हणून शिल्लक कमी होत नाही, शिल्लक आहे म्हणून नवी मागणी नोंदवली जात नाही. हे चक्र आपोआप कधीच तुटत नाही. एमआयटीतल्या युन कांग आणि स्टॅनली गर्शविन यांनी २००५ च्या शोधनिबंधात दाखवलं होतं की नोंद न झालेली अगदी थोडी गळतीसुद्धा, संगणकावर विसंबून माल मागवणाऱ्या दुकानात, मोठ्या तुटवड्याचं कारण होते. तुमच्या दुकानात त्याचा पुरावा या यादीतच मिळेल.

उणे शिल्लक दिसली तर तिला लगेच शून्य करू नका. ‘–२’ म्हणजे आवक चढवायची राहिली, किंवा एकाच्या जागी दुसरं स्कॅन झालं. कारण सापडल्यावरच दुरुस्ती करा आणि दुरुस्तीसमोर कारण लिहा. तीन महिन्यांनी ती कारणं वाचलीत की तुमच्या दुकानाचा खरा दोष कुठे आहे ते नावानिशी कळेल.

शेवटची प्रत वेबसाइटवर दाखवायचीच नाही, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. शालेय पुस्तकं, दिवाळी अंक, हातोहात खपणाऱ्या कादंबऱ्या यांच्यासाठी तो योग्य आहे. सरसकट सगळ्यांना लावलात तर घात होईल. जुन्या दुकानाचं वैभव एकेकट्या प्रतींत असतं. त्याच लपवल्या तर वेबसाइट कशासाठी? अशा पुस्तकांसमोर ‘एकच प्रत, पाहून कळवतो’ असं लिहा आणि पैसे नंतर घ्या. वाचक थांबतो. त्याला फसवणूक नको असते, एवढंच.

आणि प्रत्येक रद्द ऑर्डरीसमोर कारण लिहायला आजपासून सुरुवात करा. दर शंभर ऑर्डरींमागे ‘माल नाही’ म्हणून किती रद्द झाल्या, हा आकडा बाकी सगळ्या मापांवरचा अंकुश आहे. याद्या सुधारल्या आणि हा आकडा हलला नाही, तर तुम्ही चुकीची जागा दुरुस्त करत आहात.

प्रश्न : मोठी कपड्यांची दुकानं आता प्रत्येक कपड्याला आरएफआयडी चिप लावतात असं वाचलं. मग बारकोड कालबाह्य झाला का? पुस्तकांनाही चिप लावली तर हा प्रश्न सुटेल? – एक विद्यार्थी, ठाणे

उत्तर : बारकोड इतक्यात जात नाही. दुकानात पहिला बारकोड स्कॅन झाला तो २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ट्रॉय इथे, च्युइंग गमच्या पाकिटावर. त्याचा पहिला उद्देश काउंटरवर वेळ वाचवणं हा होता. बारकोड सांगतो तो प्रकार : हे अमुक पुस्तक आहे. त्या पुस्तकाच्या दहा प्रतींपैकी ही कोणती, हे तो सांगत नाही. म्हणूनच एक पुस्तक तीनदा स्कॅन केलं तरी तो हरकत घेत नाही. आरएफआयडीच्या चिपमध्ये प्रत्येक नगाचा वेगळा अनुक्रमांक असू शकतो आणि रेडिओलहरींमुळे गठ्ठा न सोडता शेकडो नग काही क्षणांत वाचले जातात. झाराची मालक कंपनी इंडिटेक्सने २०१४ पासून ही पद्धत आपल्या दुकानांत आणायला सुरुवात केली. कपड्यांत एकाच डिझाइनचे चार साइज आणि पाच रंग असतात, घड्या विस्कटतात, ट्रायल रूममध्ये नग राहून जातात. तिथे रोज मोजता येण्याला मोल आहे.

पुस्तकांसाठी मोठ्या ग्रंथालयांनी ही चिप वापरली आहे, कारण तिथे तेच पुस्तक वर्षानुवर्षं जातं-येतं आणि चिपचा खर्च विभागला जातो. एकदाच विकल्या जाणाऱ्या दीडशे रुपयांच्या पुस्तकाला चिप, ती वाचणारं यंत्र आणि ती चिकटवणारा माणूस हा खर्च लहान दुकानाला पेलणार नाही. शिवाय चिप फक्त कपाट आणि बिलिंग यांच्यातलं अंतर कमी करते. बिलिंगचा आकडा वेबसाइटवर नीट पोचतो की नाही, याच्याशी तिचा संबंध नाही.

प्रश्न : पैसे भरल्यावर दुकानाने ‘माल नाही’ म्हणून ऑर्डर रद्द केली तर ग्राहक म्हणून माझा हक्क काय? – एक वाचक, फोंडा

उत्तर : पैसे पूर्ण परत मिळणं हा तुमचा हक्क आहे. ‘त्याऐवजी कूपन घ्या’ किंवा ‘दुसरं पुस्तक पाठवतो’ हे तुम्हाला मान्य असेल तरच. ऑर्डर दुकानाने रद्द केली असेल तर पाठवणीचा खर्चही कापून घेऊ देऊ नका. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये रद्द करण्याच्या शुल्काबद्दल स्पष्ट तरतूद आहे : विक्रेता स्वतः एकतर्फी ऑर्डर रद्द करताना जे शुल्क सोसत नाही, ते तो ग्राहकाकडूनही घेऊ शकत नाही. ऑर्डरीचा क्रमांक, पैसे भरल्याची नोंद आणि ‘उपलब्ध’ लिहिलेल्या पानाचं छायाचित्र मोबाइलमध्ये जपून ठेवा.

लहान दुकान असेल तर आधी एक फोन करा. पैशांबद्दल बोलून झालं की एवढंच सांगा : “वेबसाइटवर हे पुस्तक अजून दिसतंय, तेवढं काढून टाका.” पुढच्या वाचकाचा त्रास त्याने नक्की वाचतो. पैसे परत येत नसतील आणि दुकान दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.